काम काय काढलंत मुंबईला?

आमच्यासारख्या गावांतून नवरा-बायकोनं मुंबईला जायचं म्हणजे त्याला कारण लागतं. कुणाचं तरी लग्न, कुणाचं तरी ऑपरेशन, मंत्रालयात अडकलेलं एखादं काम, नाहीतर परदेशी निघालेल्या भाच्याला विमानतळावर पोचवणं. ही कारणं सर्वमान्य आहेत. 'नुसतं फिरायला' हे कारण मात्र चालत नाही. त्यातून 'मुलं?' 'मुलं घरीच.' 'अगंबाई, म्हणजे दोघंच?' इथवर बोलणं आलं, की समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर असं काही हसू उमटतं, की आपणच उगीच पदर सावरायला लागतो!

गोष्ट २०२४ च्या जानेवारीतली. त्या वर्षी २६ जानेवारी शुक्रवारी आली होती. म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सलग तीन दिवसांची सुट्टी. लग्नाला चौदा वर्षं झालेली. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं गावाला गेलो ते एकतर मुलांना घेऊन, नाहीतर अहेराची पिशवी घेऊन. दोघंच असे लग्नानंतरच्या चार दिवसांच्या महाबळेश्वरानंतर कुठेच नाही. मी एका माध्यमिक शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. त्या पैशांतले थोडे थोडे बाजूला पडले होते. म्हटलं, या वेळी कुकर नाही, मिक्सर नाही. या पैशांत मुंबई बघायची, आणि दोघांनीच.

ह्यांना सांगितलं तर हे नेहमीसारखे "बघू" म्हणाले नाहीत. लगेच "जाऊ या" म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, पण मिळालेल्या होकाराची चौकशी करत बसू नये, हा माझा संसारातला अनुभव. खरी धास्ती होती सासूबाईंची. रात्री त्यांच्या बी.पी.च्या गोळ्या देताना मी हळूच विषय काढला. त्या जराशा गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "जावा की दोघंबी. पोरांस्नी मी बघती. आन् लालबागला गेलासा तर आमची खोली हाय का न्हाई, तेवढं बघून या."

आमची खोली! सासरे मुंबईत गिरणीत होते, संपानंतर परत आले, एवढंच मला ठाऊक होतं. सासूबाईही काही वर्षं तिथं राहिल्या होत्या, हेही कानावर आलेलं होतं. पण त्या मुंबईविषयी कधी बोलत नसत. टीव्हीवर मुंबई दिसली तरी मटार सोलता सोलता मान खालीच. त्यांनी आपणहून चाळीचं नाव, माळा, खोलीचा नंबर, सगळं न अडखळता सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वीचा पत्ता!

तयारीचं काय सांगू? दोन दिवस बाहेर राहायचं तर बाई चार दिवस आधीपासून दमते. मी एक मोठा कागद लिहून फ्रिजवर चिकटवला. दूधवाला, गॅस, धाकटीची खोकल्याची बाटली, थोरल्याचा क्लास, सासूबाईंच्या सकाळच्या नि रात्रीच्या गोळ्या. गावातच राहणारी धाकटी जाऊ रात्री झोपायला येणार होती. तिनं तो कागद वाचला आणि म्हणाली, "वहिनी, श्वास कधी घ्यायचा तेही लिहून ठेवा."

शुक्रवारी शाळेत झेंडावंदन. ते चुकवून चालणार नव्हतं. सव्वानऊला शाळेच्या फाटकाशी हे गाडी घेऊन उभे. माझ्या अंगावर पांढरी साडी, हातात मिळालेला बुंदीचा लाडू, मागच्या सीटवर तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, चहाचा थर्मास आणि वाटेत कुणी भेटलंच तर असावेत म्हणून कंदी पेढे. सहकारी बाईंनी फाटकातूनच विचारलं, "काम काय काढलंत मुंबईला?" मी "काही नाही" म्हटलं नि दार लावून घेतलं.

साताऱ्याहून मुंबई म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या वर थोडं. जाताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावा लागत नसे. पुण्याकडे जाणाऱ्यांना बोगदा, येणाऱ्यांना घाट असे. त्या बोगद्याच्या अंधारात शिरलो तोवर मी तीनदा घरी फोन केला होता. तिसऱ्या वेळी थोरला म्हणाला, "आई, सगळं कागदावर लिहिलंय ना?" मग मात्र फोन पर्समध्ये टाकला.

कात्रजचा बोगदा, वारजे, चांदणी चौकातले नवे पूल, किवळे, आणि मग मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. चौऱ्याण्णव किलोमीटरचा हा रस्ता २००२ साली पूर्ण झाला, तेव्हा लोक नुसते तो बघायला जात. आता सलग सुट्टी आली की निम्मा महाराष्ट्र त्यावर असतो. पहाटे निघणारे शहाणे केव्हाच पुढे गेले असतील, असं आम्हाला वाटत होतं. पण खंडाळ्याच्या घाटात सगळे शहाणे आमच्यापुढेच उभे होते! बसगाड्या, ट्रक, कुटुंबच्या कुटुंबं कोंबलेल्या मोटारी. इंजिन बंद करून लोक रस्त्यावर उतरलेले. कुणी काकडी विकतोय, कुणाच्या बाळाला उलटी होतेय.

मी पुऱ्या काढल्या. ह्यांनी एक पुरी चटणीला लावून खाल्ली, दुसरी हातात तशीच धरली, आणि समोरच्या ट्रककडे बघत म्हणाले, "मला मुंबईला बोलावलंय. हेड ऑफिसला. बढती आहे. दहा तारखेच्या आत सांगायचंय."

"कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

मैत्रिणींनो, राग येणं साहजिक होतं नि मला तो आला. तीन आठवडे एका ताटाशी जेवलो, एका छपराखाली निजलो, आणि हा माणूस एवढी गोष्ट मनात ठेवून रोज "आमटीला मीठ बेताचं आहे हो" म्हणत होता! तर ही मुंबई 'नुसतं फिरायला' नव्हती. ह्यांच्या डोक्यात काम होतं.

"घरी का नाही बोललात?"

"कुठे बोलणार? आईसमोर? मुलांसमोर? रात्री तू वह्या तपासत असतेस, नाहीतर पाठ टेकता टेकता झोपतेस."

ह्यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. पण नंतर विचार केला, तेव्हा त्यात तथ्य आहे असं वाटलं. आपल्या घरांतून नवरा-बायकोला बोलायला जागाच कुठे असते? स्वयंपाकघर सगळ्यांचं, बैठकीची खोली टीव्हीची, आणि झोपायची खोली मुलांच्या दप्तरांची. बोलतो ते याद्यांचं. साखर आणा, बिल भरा, डॉक्टरांची वेळ घ्या. गाडीत मात्र दोघं शेजारी शेजारी बसतात, नजर समोर असते, उठून जाता येत नाही, आणि ऐकायला तिसरं कुणी नसतं. अवघड गोष्ट समोरासमोर बोलण्यापेक्षा अशी बाजूला बसून बोलणं सोपं जातं. त्या घाटात आम्ही पाऊण तास अडकलो होतो. त्या पाऊण तासाला मी अजून नावं ठेवलेली नाहीत.

पनवेलपाशी द्रुतगती मार्ग सोडून उरणच्या बाजूला वळलो आणि चिर्ल्याहून अटल सेतूवर चढलो. या पुलाचं उद्घाटन त्याच महिन्यात, १२ जानेवारीला झालेलं. शिवडी ते न्हावा-शेवा जवळजवळ बावीस किलोमीटर, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. दुचाकीला नि रिक्षाला मनाई. नव्याची नवलाई एवढी, की लोक पुलावरच गाड्या उभ्या करून फोटो काढत आणि पोलीस त्यांना दंड करीत. आम्ही काही थांबलो नाही. द्रुतगती मार्गाचे तीनशे वीस आणि या पुलाचे अडीचशे, असे त्या वेळी एका वाटेचे पाचशे सत्तर रुपये टोलाला गेले. ह्यांना ते लागले. मला मात्र दोन्ही बाजूंना पाणी नि मध्ये आपण, हे अडीचशे रुपयांत महाग वाटलं नाही.

पूल उतरतो तो शिवडीला, आणि शिवडी, लालबाग, परळ, लोअर परळ हा सगळा एकमेकांना चिकटलेला गिरणगाव. म्हणजे सासऱ्यांच्या मुंबईच्या दारातच आम्ही उतरलो.

मुक्काम दादरला लॉजवर. गाडी गल्लीत उभी करायचे दिवसाचे वेगळे पैसे. ती एकदा उभी केली ती रविवारी निघेपर्यंत हलवली नाही. माझा सल्ला विचाराल तर मुंबईत स्वतःची गाडी हे लोढणं. बेस्टच्या वातानुकूलित बसचं तिकीट तेव्हा सहा रुपयांपासून होतं आणि लोकलला तोड नाही. फक्त रविवारी निघताना मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आधी बघून घ्यावं, नाहीतर दिवस फलाटावर जातो.

रात्री ह्यांचा एक जुना मित्र भेटायला आला. पाच वर्षांपूर्वी तो अशीच बढती घेऊन साताऱ्याहून मुंबईला गेला, राहतो डोंबिवलीला. सकाळी सातला घर सोडतो, रात्री नऊला परततो. पगार चांगला. थालीपीठ खाता खाता हसत म्हणाला, "वहिनी, माझी मुलगी मी झोपेतच मोठी होताना पाहिली." तो हसला म्हणून आम्हीही हसलो. लॉजवर येईपर्यंत दोघंही गप्प होतो.

शनिवारी सकाळी लालबाग. सासूबाईंनी सांगितलेली गल्ली सापडली, चाळीचं नावही लोकांना ठाऊक होतं. चाळ मात्र नव्हती. तिथं एक उंच इमारत होती, तिला काच, लिफ्ट, खाली पहारेकरी. शेजारची जुनी चाळ अजून उभी होती. लांबच लांब गॅलऱ्या, कठड्यावर वाळत घातलेली लुगडी नि शाळेचे गणवेश, कोपऱ्यात सामाईक नळ. तिथल्या एका आजींना सासूबाईंचं नाव सांगितलं. त्यांनी क्षणभर डोळे बारीक केले.

"साताऱ्याची? दुसऱ्या माळ्यावरची? खानावळवाली?"

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. दोघांनाही हे नवीन होतं.

आजींनी आम्हाला आत नेलं. दहा बाय बाराची खोली. "अश्शीच होती तिची," म्हणाल्या. त्या एवढ्याशा खोलीत माझ्या सासूबाई सात-आठ माणसांना दोन वेळा जेवू घालत. तीन आमच्याकडचे, बाकीचे मालवणाकडचे. गिरणीत तीन पाळ्या, त्यामुळे जेवणाऱ्यांच्याही तीन पाळ्या. पहाटे चारला स्टो पेटायचा. पहिल्या पाळीचे डबे, मग दुसऱ्या पाळीच्यांची पंगत, मग रात्री उशिरा परतणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेली ताटं. महिन्याच्या महिन्याला हिशेब, तोही तोंडी, पैचा घोटाळा नाही.

गिरणगावात अशा हजारो खानावळवाल्या होत्या. गावाहून एकटे आलेले कामगार त्यांच्या हातचं जेवून जगले. या बायकांना भांडवल लागे ते सावकाराकडून, जबर व्याजानं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि ज्यांच्या नावावर एक पितळी डबा नव्हता अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. शाळेत मुलींना सांगितलंही होतं. आणि तसलीच एक अन्नपूर्णा माझ्याच घरात, माझ्या पोळ्या जाड होतात म्हणून कुरकुरत बसलेली होती!

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप मागे घेतला असं कुणी कधी अधिकृतपणे सांगितलंच नाही, पण दीड-दोन वर्षांत घरं रिकामी झाली. आजी सांगत होत्या, "पगार नाही तर खानावळीचे पैसे कोण देणार? तरी तिनं चार महिने उधारीवर जेवू घातलं. मग भांडी विकली. कडेवर हा एवढा पोरगा घेऊन गेली." असं म्हणून त्यांनी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्रेचाळीस वर्षांचा माझा नवरा तिथं एकदम लहान दिसला.

तिथून चालतच लोअर परळला गेलो. ह्यांचं हेड ऑफिस तिकडेच. सुट्टीचा दिवस, आत जायचं कारण नव्हतं. रस्त्यापलीकडून बघितलं. एका जुन्या गिरणीच्या आवारात उभी राहिलेली पंचवीस-तीस मजल्यांची काचेची इमारत, आणि तिच्या पायथ्याशी शोभेला राखून ठेवलेली एक चिमणी. सासरे ज्या गिरणीत होते ती हीच की शेजारची, हे ह्यांना नक्की सांगता येईना. "बाबा सांगायचेच नाहीत," एवढंच म्हणाले.

दुपारी बसनं फोर्टात आलो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिलं. (२६ जानेवारीला ते बंद असतं, हे लक्षात ठेवा.) ओव्हल मैदानापलीकडे विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. १८७८ साली पूर्ण झालेल्या या मनोऱ्याला प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि नाव आईचं द्यायला लावलं. हे टॉवरकडे बघत बराच वेळ उभे राहिले. आईच्या नावानं बुरूज बांधण्याइतका पैसा प्रत्येकाकडे नसतो. पण आईनं काय काय केलं हे निदान माहीत तरी असावं, असं त्यांच्या मनात आलं असेल. मी विचारलं नाही.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो. दिवे लागले, तो राणीचा हार की काय म्हणतात तो डोळ्यांसमोर लखलखायला लागला. भेळ संपली तसं हे म्हणाले, "तू सांग. तू जा म्हणालीस तर जाईन, नको म्हणालीस तर नाही."

वरवर पाहिलं तर किती चांगलं वाक्य! बायकोच्या शब्दाला एवढा मान! पण मला त्यातला फास दिसला. जा म्हटलं तर मुलांपासून मीच तोडलं. नको म्हटलं तर जन्मभर 'हिच्यासाठी बढती सोडली.' मी म्हटलं, "अहो, असं नाही चालायचं. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही सांगा, मला काय हवंय ते मी सांगते. मग ठरवू. निर्णय दोघांचा, तर उद्या खापर फोडायचं तेही दोघांच्या डोक्यावर."

मग दोन तास आम्ही बोललो. ह्यांना ती खुर्ची हवी होती. अगदी मनापासून हवी होती. पंधरा वर्षं राबल्यावर कुणी ओळखलं, याचं सुख होतं. मला माझी शाळा सोडायची नव्हती. तासिकेचे पैसे ते किती, पण वर्गात शिरले की मी कुणाची आई, कुणाची सून नसते. सगळ्यांनी मुंबईला यायचं तर वाढीव पगार घरभाड्यातच जाणार, आणि सासूबाईंना सातव्या मजल्यावर कोंडायचं. ह्यांनी एकट्यानं राहून शनिवारी यायचं, हा एक मार्ग उरत होता. तोच बरा, अशा मतावर आम्ही जवळजवळ आलो होतो.

रविवारी सकाळी निघण्यापूर्वी पुन्हा लालबागला जाऊन चिवडा गल्लीतून मुलांसाठी चिवडा नि मिरची गल्लीतून अर्धा किलो मालवणी मसाला घेतला. मुंबई सोडली, वाशीचा खाडीपूल ओलांडला, परतीचा घाट या वेळी सुरळीत चढला. खंबाटकीच्या वळणांवर मी फोन केला तर जाऊ म्हणाली, "सावकाश या, सगळं ठीक आहे." घर आपल्यावाचून दोन दिवस चालतं, हे ऐकून बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

रात्री मुलं झोपल्यावर मी मसाल्याची पुडी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाशी नेली. डोळे मिटले. मग चाळ नाही हे सांगितलं, आजी भेटल्या हे सांगितलं. ह्यांनी विचारलं, "आई, तू खानावळ चालवायचीस हे कधी बोलली नाहीस?"

"कुनी इचारलं?" एवढंच म्हणाल्या.

मग ह्यांनी बढतीचं सांगितलं. मी एकटा जाईन, दर शनिवारी येईन, असं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "लगीन झाल्यावर दोन वर्सं मी गावात नि तुजा बा म्हमईत. मनीआर्डर यायची. जत्रंला मानूस यायचा. घरात आला की पाव्हना आल्यागत वाटायचं. मंग मीच सासऱ्यास्नी म्हनलं, मला धाडा. धा बाय बारात ऱ्हाईन, धा मानसांचं रांधीन, पर मनीआर्डरीवर संसार न्हाई करायची. जायाचं तर समदी जावा. मी बी येती. न्हाईतर कुनीच जाऊ नगा."

मी येते! ज्या मुंबईनं भांडी विकायला लावली, तिथं जायला ही सत्तरीची बाई तयार होती. आणि आम्ही तिला सातव्या मजल्याचं निमित्त करून हिशेबातून वगळलं होतं.

पुढे काय झालं ते सांगते. तिघांनी मिळून आणखी आठ दिवस खल केला. आकडे मांडले. थोरल्याची आठवी, माझी शाळा, डोंबिवलीचं भाडं, लोकलचे तास. शेवटी नाही म्हणायचं ठरलं. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्याची खंत ह्यांना आहे, नाही असं नाही. थोरल्याच्या क्लासची फी भरताना तो न मिळालेला पगार दोघांच्याही मनात येऊन जातो. पण 'तुझ्यामुळे' हा शब्द आजवर आमच्या घरात उच्चारला गेलेला नाही, आणि ते मला त्या पगाराइतकंच मोलाचं वाटतं.

तेव्हा मैत्रिणींनो, सलग सुट्टी आली तर दोघंच कुठेतरी जा. मोटार नसेल तर एसटी आहे, शेजारी शेजारी बसण्याशी कारण. मुंबईच हवी असंही नाही. दर महिन्याला एकदा आम्ही रविवारी दुपारी वाईपर्यंत नाहीतर सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत जातो नि चहा पिऊन परततो. शेजारणी अजून विचारतात, काम काय काढलंत? मी सांगते, बोलायचं होतं थोडं.

सासूबाईंनी त्या मसाल्यात आपल्या हातानं कालवण केलं. पंगतीला वाढावं तसं उभं राहून सगळ्यांना वाढलं. धाकटीनं दुसऱ्यांदा मागितलं, तेव्हा मला म्हणाल्या, "शिकून घे. आठ मानसांचं प्रमान तोंडपाठ हाय मला." मी वही घेऊन शेजारी बसले.